मांजराचे ‘हो’ आणि मांजराचे ‘नको’

मांजर हा कृतघ्न प्राणी आहे, असे पुष्कळ जण म्हणतात. कुत्रा माणसावर प्रेम करतो आणि मांजर घरावर, असेही तुम्ही ऐकले असेल. या समजुतीला पुरावा म्हणून एक अनुभव हमखास सांगितला जातो. मांजर आपण होऊन मांडीवर येऊन बसते. लाडात येऊन घुरघुर करते. आपण मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागतो आणि थोड्या वेळाने ते एकदम वळून हाताला चावते किंवा बोचकारून पळून जाते. “दूध आमचे प्यायचे आणि नखेही आम्हालाच मारायची!” असे म्हणून घरातील मंडळी चिडतात.

विद्यार्थी मित्रांनो, या तक्रारीतील एक शब्द आपण तपासून पाहू. तो शब्द म्हणजे ‘एकदम’. मांजर खरेच एकदम चावते काय? की चावण्यापूर्वी त्याने चार-पाच वेळा ‘आता पुरे’ असे सांगितलेले असते आणि ते आपल्याला वाचता आलेले नसते?

या प्रश्नाचे उत्तर माहीत नसल्यामुळे मांजरांचे आणि मुलांचे, दोघांचेही नुकसान होते. लहान मुलाला मांजराने ओरबाडले की पुष्कळ घरांत त्या मांजराची रवानगी ठरलेली असते. त्याला पोत्यात घालतात आणि नदीपलीकडे किंवा दूरच्या बाजारात नेऊन सोडतात. अनोळखी जागी, दुसऱ्या मांजरांच्या हद्दीत सापडलेल्या अशा मांजराचे फार हाल होतात. इकडे त्या मुलाच्या मनात मांजराची भीती कायमची बसते. हे सारे बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते. त्यासाठी मांजराची भाषा शिकावी लागते. ही भाषा तोंडाची कमी आणि शेपटी, कान, डोळे, कातडी यांची अधिक आहे.

एकट्या शिकाऱ्याचा वंशज

ही भाषा अशी का, हे समजण्यासाठी मांजराच्या पूर्वजांकडे जाऊ. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडगे कळपाने राहतात आणि मिळून मोठे जनावर मारतात. कळपात राहायचे तर एकमेकांशी सतत बोलावे लागते. म्हणून कुत्र्याकडे आनंद, शरणागती, विनवणी दाखवणाऱ्या कितीतरी ठळक खुणा आहेत.

मांजराचा पूर्वज मात्र आफ्रिका आणि पश्चिम आशियातील एक रानमांजर आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘फेलिस लिबिका’ म्हणतात. जगभरातील पाळीव मांजरांचे याच जातीशी रक्ताचे नाते आहे, हे २००७ साली आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीतून दाखवले गेले. हे रानमांजर एकट्याने शिकार करते. त्याचे भक्ष्य उंदरांसारखे छोटे प्राणी. एक उंदीर दोघांत वाटून खाण्याजोगा नसतो! त्यामुळे दुसऱ्या मांजराला भेटण्यापेक्षा त्याला टाळणेच फायद्याचे. ‘मी येथून गेलो आहे’ हा निरोप वासाने झाडाझुडपांवर ठेवला की काम भागते.

पुढे माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस या भूमध्य समुद्रातील बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे. त्यात माणसाच्या सांगाड्यापासून अवघ्या ४० सेंटिमीटरवर एका मांजराचा सांगाडा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-देनी विन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हा शोध प्रसिद्ध केला. सायप्रसवर मुळात रानमांजरे नव्हती. म्हणजे माणसांनीच ते होडीतून आणलेले असणार.

तेव्हा तुमच्या घरातील मनी ही एकट्याने राहणाऱ्या प्राण्याची वंशज आहे. माणसाच्या सहवासात मांजरे एकमेकांशी आणि माणसांशी मैत्री करायला शिकली. परंतु ‘नकोसे झाले की तेथून निघून जायचे’ हा जुना स्वभाव तसाच राहिला. मांजराची मर्यादा पाळायची म्हणजे मुख्यतः त्याची निघून जाण्याची वाट मोकळी ठेवायची.

उभी शेपटी: दुरूनच रामराम

तुम्ही शाळेतून घरी येता. मांजर तुमच्याकडे येते आणि त्याची शेपटी काठीसारखी सरळ उभी असते. कधी कधी तिचे टोक किंचित वाकलेले असते. हा मांजराचा रामराम आहे.

ही शेपटी चार्ल्स डार्विनच्याही नजरेतून सुटली नव्हती. माणूस आणि इतर प्राणी भावना कशा व्यक्त करतात, यावर त्याने १८७२ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात मांजराची चित्रे आहेत. भांडायच्या पवित्र्यातील मांजर अंग जमिनीलगत लांबवते, कान मागे दाबते आणि शेपटी डाव्या-उजव्या बाजूला आपटते. लाडात आलेले मांजर याच्या नेमके उलट करते. ते ताठ उभे राहते, पाठ किंचित उंचावते, कान उभे ठेवते आणि शेपटी सरळ वर करते. ज्या भावना परस्परविरुद्ध, त्यांच्या खुणाही परस्परविरुद्ध, असे तत्त्व डार्विनने यावरून मांडले.

पण उभी शेपटी ही खरोखर ‘मैत्री’ची खूण आहे, हे ठरवायचे कसे? इंग्लंडमधील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात यासाठी एक साधी युक्ती केली. त्यांनी मांजराच्या आकाराच्या काळ्या आकृत्या कापून मांजरांपुढे ठेवल्या. काहींची शेपटी उभी होती, काहींची खाली. उभ्या शेपटीची आकृती पाहून खऱ्या मांजरांनीही शेपटी उभी केली आणि ती जवळ गेली. खाली शेपटीच्या आकृतीजवळ जाताना ती बिचकत होती. म्हणजे ही खूण मांजरे एकमेकांनाही देतात आणि तीच आपल्यालाही देतात.

मात्र एक फरक लक्षात ठेवा. शेपटी उभी, पण बाटली घासायच्या ब्रशासारखी फुललेली असेल, पाठ धनुष्यासारखी वाकलेली असेल, तर मांजर घाबरलेले आहे. केस पिंजारून ते स्वतःला मोठे दाखवत असते. अशा वेळी चार पावले मागे सरावे.

अंग घासणे: वासाची सही

मांजर पायांत घुटमळते, गाल घासते, कपाळ टेकवते. याला आपण लाडीगोडी म्हणतो. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, ओठांच्या कडेला, कानशिलांजवळ आणि शेपटीच्या मुळाशी सूक्ष्म वासग्रंथी असतात. गाल घासताना या ग्रंथींतील द्रव्य तुमच्या पायाला लागते. आपल्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मांजराला मात्र त्या वासावरून ‘हे आपले, ओळखीचे’ असे कळते. दाराची चौकट, टेबलाचा पाय, तुमचे दप्तर यांवरही ते अशीच सही करत असते.

एकत्र राहणारी, एकमेकांशी पटणारी मांजरे परस्परांच्या अंगावर अंग घासतात, एकमेकांची डोकी आणि माना चाटतात. शत्रुत्व असलेली मांजरे असे करत नाहीत. तेव्हा तुमच्या पायाला गाल घासणारे मांजर तुम्हाला आपल्या टोळीत घेत असते. ‘ते दुधासाठीच येते’ असे कोणी म्हणेल. दुधाच्या वेळी ते अधिक घासते हे खरे. परंतु भांडे भरलेले असतानाही ते अंग घासते की नाही, हे तुम्हीच पाहून ठरवा.

तंबोऱ्याची खर्जाची तार

आता घुरघुरीकडे वळू. लक्षात ठेवा, घुरघुर वेगळी आणि गुरगुर वेगळी. घुरघुर शांत, सलग, श्वास आत घेताना आणि सोडतानाही चालू राहणारी. गुरगुर ही धमकी. तिच्यापाठोपाठ फिस्कारणे येते.

घुरघुर हे भौतिकशास्त्रातील एक कोडेच होते. लहान प्राण्यांचा आवाज बारीक असतो, कारण त्यांच्या स्वरयंत्रातील स्वरपट्ट्या आखूड असतात. आखूड पट्ट्या जलद कंप पावतात. असे असताना चार किलो वजनाचे मांजर सेकंदाला अवघी २५ ते ३० कंपने इतका खोल आवाज काढते कसे? स्वरयंत्रातील स्नायू मेंदूच्या आज्ञेने सेकंदाला तितक्या वेळा आखडतात आणि सैल पडतात, असे बरीच वर्षे मानले जात होते. २०२३ साली व्हिएन्ना विद्यापीठातील ख्रिस्तियान हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दुर्धर आजारामुळे दगावलेल्या आठ मांजरांची स्वरयंत्रे घेऊन त्यांतून नुसती उबदार, दमट हवा सोडली. स्नायूंना कोणतीही आज्ञा मिळत नसताना त्यांतून घुरघुरीइतका खोल आवाज निघाला! स्वरपट्ट्यांमध्ये गादीसारखी एक खास पेशीरचना असल्याचे त्यांना आढळले. या गादीमुळे पट्टी जड होते आणि सावकाश कंप पावते. तंबोऱ्याची खर्जाची तार इतर तारांपेक्षा जाड का असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. येथेही तत्त्व तेच. जिवंत मांजरात स्नायूंचाही काही वाटा असू शकतो, परंतु सगळा भार त्यांच्यावर नाही, असे या प्रयोगावरून दिसते.

घुरघुर म्हणजे नेहमी आनंदच का? नाही. आईला बिलगून दूध पिणारे पिलू घुरघुरते, मांडीवर पेंगणारे मांजर घुरघुरते. पण जखमी मांजर, आजारी मांजर, विणारी मांजरीण हीसुद्धा घुरघुरतात. भुकेले मांजर घुरघुरीत एक उंच, रडवा सूर मिसळून खायला मागते, असे कॅरेन मॅकॉम्ब या ब्रिटिश संशोधिकेने २००९ साली दाखवले. म्हणून केवळ घुरघुर ऐकून ‘याला हवे आहे’ असा निष्कर्ष काढू नका. बाकीचे शरीर काय म्हणते, तेही पाहा.

मिटते डोळे आणि तिंबलेली कणीक

‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. परंतु दूध पीत नसतानाही मांजर कधी कधी तुमच्याकडे पाहत डोळे अर्धवट मिटते, क्षणभर थांबते आणि सावकाश उघडते. मांजरांच्या जगात टक लावून पाहणे ही धमकी असते. डोळे सावकाश मिटणे म्हणजे ‘मला तुझी भीती वाटत नाही’ असे सांगणे.

हे खरे की कल्पना, याची परीक्षा २०२० साली ससेक्स विद्यापीठातील टॅस्मिन हम्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. मालकांनी आपल्या मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले, तेव्हा मांजरांनीही अधिक वेळा डोळे बारीक केले. दुसऱ्या प्रयोगात एक अनोळखी व्यक्ती समोर बसली. तिने आधी सावकाश डोळे मिटून मग हात पुढे केला, तर मांजरे तिच्या हाताकडे येण्याची शक्यता वाढली. कोऱ्या चेहऱ्याने बसल्यावर ती तितकी येत नव्हती.

आणखी एक खूण म्हणजे पंजांनी मळणे. मांजर गोधडीवर किंवा तुमच्या मांडीवर आलटून पालटून पुढचे पंजे दाबते. जणू आई कणीक तिंबत आहे! पिलू आईचे दूध पिताना तिच्या पोटावर असेच पंजे दाबते. ही बाळपणीची सवय मोठेपणीही राहते. मळताना नखे थोडी बाहेर येतात आणि आपल्याला टोचतात. यात राग नसतो. मांजराला ओरडू नका. मांडीवर जाड टॉवेल घ्या.

हात कोठे फिरवावा?

मांजर जवळ आले, शेपटी उभी, अंग सैल. आता हात लावावा काय? लावावा, पण सगळीकडे नाही.

मांजरांना कोणत्या जागी कुरवाळलेले आवडते, यावर २००२ आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत माणसांनी मांजरांना ठरलेल्या ठिकाणी कुरवाळले आणि त्यांच्या वागण्याची नोंद केली. डोळा आणि कान यांमधील कानशिलाची जागा मांजरांना पसंत असल्याचे दिसले. शेपटीच्या मुळाशी हात फिरवल्यावर मात्र नापसंतीच्या खुणा सर्वांत जास्त दिसल्या.

यावरून एक सोपा नकाशा तयार होतो. गाल, हनुवटीखाली आणि कानांच्या बुडाशी हात फिरवणे सहसा चालते. आठवते ना, मांजर स्वतः हेच भाग तुमच्यावर घासते? पाठ मधली जागा समजा. काहींना आवडते, काहींना नाही. पोट, शेपटी, शेपटीचे मूळ आणि पंजे या जागा वर्ज्य माना. मिशांनाही हात लावू नका. मिशांची मुळे कातडीत खोलवर असतात आणि त्यांभोवती चेतातंतूंचे दाट जाळे असते. अंधारात त्यांच्यावरच मांजराचा भरवसा असतो.

पोटाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सर्वांत जास्त ओरखडे येथेच मिळतात. मांजर तुमच्यासमोर उताणे लोळते, पोट उघडे टाकते. कुत्रा असे करतो तेव्हा त्याला बहुधा पोट खाजवून हवे असते. मांजराचा अर्थ निराळा. पोटाला बरगड्यांचे संरक्षण नसते. अशी नाजूक जागा उघडी टाकून ते सांगते, ‘येथे मला सुरक्षित वाटते.’ हा विश्वास आहे, आमंत्रण नाही. पोटाला हात लागताच चारी पंजे त्या हाताला धरतात, कारण उताणे पडून चारी पंजांनी झुंजणे हा मांजराचा स्वसंरक्षणाचा डाव आहे.

‘पुरे’ ओळखायचे कसे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मांजर ‘एकदम’ चावते काय?

पुढच्या वेळी मांजराला कुरवाळताना दूरचित्रवाणीकडे किंवा पुस्तकाकडे पाहू नका, मांजराकडे पाहा. आधी घुरघुर थांबते. मग शेपटीचे टोक हलू लागते. पाठीच्या कातडीवरून, पाण्यावर लाट जावी तशी थरथर जाते. कान बाजूला किंवा मागे वळतात. मांजर मान झटकते, नाक चाटते किंवा घाईघाईने दोन-तीनदा अंग चाटून थांबते. काही मांजरे अगदी निश्चल होतात. मग ते मान वळवून तुमच्या हाताकडे पाहते. ही शेवटची सूचना. तरीही हात चालूच राहिला, तर दात किंवा नखे.

या सगळ्या खुणा प्रत्येक वेळी, याच क्रमाने दिसतील असे नाही. पण एक-दोन तरी दिसतात. गाडी सुटण्यापूर्वी गार्ड शिट्टी वाजवतो, हिरवा झेंडा दाखवतो. ज्याचे लक्ष फलाटावरच्या भजीकडे असते, त्याला मात्र गाडी ‘एकदम’ सुटल्यासारखी वाटते!

कानांची भाषा जर्मन वर्तनशास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांनी बारकाईने अभ्यासली. कान मागे वळून त्यांची मागची बाजू समोरून दिसू लागली, तर मांजर हल्ल्याच्या तयारीत आहे. कान डोक्याशी सपाट चिकटले, तर ते भ्यालेले आहे. भ्यालेले मांजर पळून जायला वाट मिळाली तर पळते. कोपऱ्यात अडकले तर हल्ला करते. म्हणूनच खाटेखाली दडलेल्या मांजराला ओढून काढू नये.

फिस्कारल्याबद्दल मांजराला मारणे तर मोठीच चूक. फिस्कारणे ही सूचना आहे. सूचना दिली की मार बसतो हे मांजर शिकले, तर पुढच्या वेळी ते सूचना न देता सरळ चावेल. धोक्याची घंटा वाजते म्हणून घंटाच काढून टाकण्यासारखे ते होईल.

सुरुवात कोणी करायची?

स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे डेनिस टर्नर यांनी घराघरांतील मांजरे आणि माणसे यांच्या भेटींचे निरीक्षण केले. मांजराने भेटीला सुरुवात केली तर ती भेट जास्त वेळ टिकते. माणसाने केली तर लवकर संपते, असे त्यांना दिसले. आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरात माणसे मांजराच्या इच्छेला मान देतात, त्या घरातील मांजरेही माणसांच्या इच्छेला अधिक मान देतात. म्हणजे मांजराला उचलून कवटाळण्यापेक्षा त्याची वाट पाहत बसणाऱ्याला अधिक सहवास मिळतो!

लंडनमधील एका प्राणी-आश्रयगृहात याची पुढची पायरी गाठली गेली. तेथे स्वयंसेवकांना काही मिनिटांचे शिक्षण दिले गेले. त्यात तीन सूत्रे होती. पहिले, निवड मांजराची: हात पुढे करा, पण ते आले तरच स्पर्श करा. दुसरे, लक्ष मांजराकडे: त्याच्या खुणा पाहत राहा. तिसरे, स्पर्श योग्य जागी: गाल, हनुवटी, कानांचे बूड. या तीन सूत्रांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून मांजर या अर्थाचाच ‘कॅट’ हा शब्द तयार होतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, शिक्षणानंतर त्याच माणसांशी मांजरे अधिक प्रेमाने वागली आणि चावण्या-ओरबाडण्याचे प्रकार कमी झाले. मांजरांना काहीच शिकवावे लागले नाही!

सात घरे फिरणारी पिले

मांजरीण आपली पिले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा नेमका नसला, तरी गडबड जाणवली की ती पिले तोंडात धरून जागा बदलते हे खरे. योगायोग असा, की याच दिवसांत पिलाचे माणसांशी नाते ठरत असते. अमेरिकेतील आयलीन कार्श यांनी १९८० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांवरून असे दिसले, की साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात रोज थोडा वेळ प्रेमाने हाताळलेली पिले पुढे माणसाला जवळ करतात. त्या वयात माणसाचा हातच न लागलेले मांजर पुढे माणसाला भिते. तेव्हा तुमच्या वाड्यातील एखादे मांजर जवळ येत नसेल, तर ते ‘दुष्ट’ नाही. त्याच्या बाळपणी माणूस नव्हता, एवढेच. काहींचा स्वभावही उपजतच बुजरा असतो.

आणि मांजर घरावरच प्रेम करते, माणसावर नाही, हे तरी कितपत खरे? अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले यांनी ७० पिलांवर एक प्रयोग केला. पिलू आणि त्याचा माणूस यांना अनोळखी खोलीत दोन मिनिटे ठेवले. मग माणूस बाहेर गेला. पिलू दोन मिनिटे एकटे राहिले. मग माणूस परतला. माणूस परतताच सुमारे ६४ टक्के पिलांचा ताण ओसरला. ती माणसाला भेटली आणि पुन्हा निर्धास्तपणे खोली धुंडाळू लागली. तान्ह्या मुलांवर अशाच प्रकारचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांतील प्रमाणही जवळपास इतकेच निघते. २०१९ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जपानमधील आत्सुको साइतो यांनी मांजर स्वतःचे नाव इतर शब्दांतून ओळखते, हेही दाखवले. हाक मारल्यावर ते आले नाही, तर ‘ऐकू आले नाही’ असे समजू नका!

करून पाहा

घरी किंवा शेजारी ओळखीचे, माणसाळलेले मांजर असेल तर पुढील प्रयोग करा. रस्त्यावरील अनोळखी मांजरावर करू नका आणि घरातील मोठ्यांना सांगून करा.

१. बोटाची परीक्षा: मांजरापासून हातभर अंतरावर खाली बसा. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर, जरा दूर धरा. मांजराने येऊन बोट हुंगले आणि गाल घासला, तर उत्तर ‘हो’. हुंगून थांबले किंवा तोंड वळवले, तर उत्तर ‘नको’. ‘नको’ म्हटल्यावर हात मागे घ्या.

२. तीन अंकांची परीक्षा: गालावरून हात फिरवत मनात एक-दोन-तीन म्हणा आणि हात थांबवा. मांजर डोके पुढे करून हाताला ढुशी देते का? दिली तर पुन्हा तीन अंक. नाही दिली तर भेट संपली.

३. डोळ्यांची परीक्षा: मांजर निवांत बसलेले असताना समोर बसा. एक दिवस दहा वेळा सावकाश डोळे मिटून उघडा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी नेहमीच्या चेहऱ्याने बसा. दोन्ही दिवशी मांजराने किती वेळा डोळे बारीक केले ते मोजा. दुसरा दिवस कशासाठी? तुलनेसाठी! तो नसेल तर मांजराने तुम्हाला उत्तर दिले की त्याला नुसतीच झोप आली होती, हे कळणार नाही.

४. पंधरा दिवसांची वही: प्रत्येक भेटीसाठी चार रकाने आखा. सुरुवात कोणी केली, भेट किती मिनिटे टिकली, शेवट कोणी केला, शेवटापूर्वी कोणती खूण दिसली. पंधरा दिवसांनी टर्नर यांचा निष्कर्ष तुमच्या मांजराला लागू पडतो का, ते पाहा.

आणि तरीही नख लागले तर?

तरीही कधी चावा बसला किंवा ओरखडा आला, तर घरात लपवू नका. मांजराचे सुळे बारीक असतात. जखम वरून लहान दिसते, पण खोल असते आणि तिच्यात जंतू शिरतात. मुख्य म्हणजे आपल्या देशात पिसाळ रोगाचा धोका आहे आणि तो मांजरांनाही होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद असे काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि ते सांगतील तेवढ्या लसी वेळेवर पूर्ण घ्या. हा रोग एकदा झाला की बहुधा प्राणघातकच ठरतो. वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. पाळलेल्या मांजरालाही पशुवैद्याकडून दरवर्षी ही लस टोचून घ्या.

मात्र जखम धुऊन झाली, डॉक्टरांकडे जाऊन आलात, की एक प्रश्न स्वतःला विचारा: चावण्यापूर्वी मांजर काय करत होते? शेपटी हलत होती काय? कान वळले होते काय? ते उठून जाऊ पाहत असताना आपण त्याला धरून ठेवले होते काय? याचे उत्तर सापडले, तर घरात कोणी पोते शोधू लागण्याआधी ते मोठ्यांना सांगा. तुमच्या साक्षीने एखादे मांजर घराबाहेर जाण्यापासून वाचेल.

तुमच्या घरी धाकटा भाऊ किंवा बहीण असेल, तर हा नकाशा त्यांनाही शिकवा. गाल चालेल, पोट नको. आले तर ये, गेले तर जा. एवढी दोन वाक्ये चार वर्षांच्या मुलालाही पाठ होतात.